काळी चार अडकली

परवाच्या प्रयोगाबद्दल लगेच लिहायचं होतं, पण आल्यापासून दोन दिवस नुसते शालू वाळत घालण्यात गेले. ऐन श्रावणात सौभद्र, म्हणजे किर्लोस्करांचं अर्जुन-सुभद्रेच्या लग्नाचं संगीत नाटक, लावायची आयडिया कुणाची होती ते मी इथं लिहीत नाही, कारण तो माणूस हे वाचतो आणि संस्थेची वर्गणी वेळेवर देणारा तो एकटाच आहे.

नवीन आलेल्यांसाठी सांगते. मी पतपेढीत नोकरी करते आणि उरलेल्या वेळात सांगलीतल्या एका छोट्याशा संगीत नाटकवाल्या संस्थेत विंगेत उभी राहते. हातात संहिता, गळ्यात टॉर्च, तोंडात खडीसाखर. प्रॉम्प्टिंग, कपडेपट, प्रॉपर्टी, चहा, कोण रुसलंय ते बघणं, सगळं. बावीस वर्षं झाली. आले होते मात्र गायला. नटीची पदं बसवून घेतली होती, दोन प्रयोग केले, तिसऱ्याला थंडीनं आवाज बसला तेव्हा आमचे त्या वेळचे तालीम मास्तर म्हणाले, 'आजच्या दिवस वही धर गं.' तो आजचा दिवस अजून संपायचाय.

संस्था म्हणजे तेवीस माणसं, त्यातली गाणारी सात, एक ऑर्गन, दोन तबले, चार पत्र्याच्या ट्रंका आणि गावभागात एका वाड्याच्या तळमजल्यावरची भाड्याची खोली. आमचा कृष्ण शाळेत गणित शिकवतो. बलराम मार्केट यार्डात हळदीचा अडत्या आहे, सीझनमध्ये तालमीला येतो तेव्हा संहितेच्या पानांना पिवळे ठसे उमटतात, कुठल्या पानावर त्याची तालीम झाली नाही ते त्यावरनं लगेच कळतं. अर्जुन कुपवाडला एमआयडीसीत कामाला. सुभद्रा फिजिओथेरपी शिकतीय, आणि तिला झोपेत उचलून आणणारा जो आमचा घटोत्कच, त्याच्या कमरेत भरलेली उसण तीच उतरवते. दर प्रयोगाआधी ग्रीन रूममध्ये राक्षस सतरंजीवर पालथा आणि राजकन्या नऊवारीत त्याच्या पाठीवर दाब देतीय, असं दृश्य असतं.

बाहेरच्यांना वाटतं सांगली म्हणजे नाट्यपंढरी. १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर केलं ते इथंच, देवल इथल्या हरिपूरचे, खाडिलकर सांगलीचे, म्हणजे संगीत नाटकाला रांगा लागत असतील. लागतात की. पासाच्या.

तर वही. ती वही म्हणजे सौभद्राची छापील संहिताच आहे, पण दर दोन पानांमध्ये एक कोरा कागद घालून कुणीतरी फार पूर्वी जाड बायंडिंग करून घेतलंय. माझ्याआधी निदान तीन जणांनी ती धरली. निळी पेन्सिल सगळ्यात जुनी, मग लाल, मग एकाची बारीक बॉलपेनची, आणि साध्या पेन्सिलीची माझी. समासात काय काय आहे सांगू. 'इथे टाळी. थांब.' 'नारद पाणी पितो.' 'हे पद कापू नये, अध्यक्षांना आवडते.' (कोणते अध्यक्ष, कुणास ठाऊक.) आणि तिसऱ्या अंकात एका ओळीसमोर निळ्या पेन्सिलीनं नुसतंच 'इथे मांजर'. बावीस वर्षं मी त्या पानावर आले की एकदा स्टेजकडे बघून घेते.

निम्म्या वहीवर काट आहे. मूळ सौभद्रात शंभराच्या आसपास पदं, रात्र रात्र चालायचं ते, आम्ही सत्तावीस म्हणतो आणि तरी हॉलवाला शेवटच्या अंकात दारात येऊन घड्याळ दाखवतो. गंमत म्हणजे पहिल्यांदा, म्हणजे १८ नोव्हेंबर १८८२ ला पुण्यात हे नाटक उभं राहिलं तेव्हा त्याचे पाचातले तीनच अंक तयार होते, उरलेले पुढच्या वर्षी. त्याआधी १८८० ला शाकुंतलचंही तसंच, सातातले पहिले चार. आमचा कृष्ण पाठांतर झालं नाही की हे दोन दाखले तोंडावर फेकतो, अण्णासाहेब किर्लोस्करांना चाललं मग मला का नाही. त्याला सांगावं लागतं की बाबा, त्यांचं लिहायचं राहिलं होतं, तुझं पाठ करायचं राहिलंय.

कापायचं काय यावरनं दरवर्षी भांडण. नवीन मुलं क्लासिकल शिकून येतात, गळे तयार असतात, त्यांना साकी-दिंडी ही साध्या चालीची पदं म्हणजे वेळ खाणारं काहीतरी वाटतं, ते कापा आणि मला अमुक पदात अजून पाच मिनिटं द्या. मला हे पटत नाही आणि मी तालमीत तसं बोलतेही. किर्लोस्करांनी चाली उचलल्या त्या कीर्तनातनं, लावणीतनं, बायकांच्या गाण्यांतनं, कानडी पदांतनं, कारण गोष्ट पुढं न्यायची होती. ख्याल गायकीचा भरणा नंतरचा, १९१६ च्या 'स्वयंवर' नाटकाला भास्करबुवा बखल्यांनी चाली दिल्या, तिथं तसं गा, शोभून दिसतं. इथं दिंडी म्हणजे गुणगुणत सांगितलेला निरोप आहे. त्यात तान मारली की सुभद्रेचं लग्न कुणाशी ठरलंय हेच लोकांना कळत नाही. पण ऐकतंय कोण, टाळी तानेला पडते.

प्रॉम्प्टिंगबद्दल लोकांना वाटतं की विसरला की सांगायचं, एवढंच. तसं असतं तर कुणीही केलं असतं. शब्द गेलेला नट आणि नुसता दम घेणारा नट विंगेतनं अगदी सारखे दिसतात, आणि दम घेणाऱ्याला तुम्ही शब्द दिलात तर तो तुम्हाला आयुष्यभर माफ करत नाही. मग प्रत्येकाच्या खुणा लक्षात ठेवायच्या. अर्जुन विसरला की उपरणं सावरतो. रुक्मिणी हसते. आमचे नारद एकाहत्तर वर्षांचे आहेत, ते विसरले की चिपळ्या जरा जास्त वाजवतात, आणि लोकांना वाटतं काय रंगात आलेत. बलराम विसरला की सरळ माझ्याकडे बघतो. हळदवाला माणूस, त्याच्यात लपवाछपवी नाही.

आणि संगीत नाटकात प्रॉम्प्टर एकटा नसतो हे विसरू नका. पुढच्या तीन रांगांत बसलेल्या आजी-आजोबांना नाटक नटापेक्षा पाठ असतं. एकदा मिरजेला रुक्मिणी अडली, हसली, मी तोंड उघडणार तेवढ्यात दुसऱ्या रांगेतल्या एका आजोबांनी ते वाक्य खणखणीत आवाजात म्हणून टाकलं. रुक्मिणी त्यांच्याकडे बघून 'तेच म्हणते मी' म्हणाली आणि पुढं चालू लागली. अख्ख्या प्रयोगात सगळ्यात मोठी टाळी त्याला.

वन्स मोअर हा वेगळाच ताप. गाणाऱ्याला मजा, पण शेजारी जो उभा असतो त्याचं काय? बलराम रागानं लाल होऊन ऐकत उभा असतो, पद संपल्यावर तो फाडकन बोलणार असतो, तेवढ्यात वन्स मोअर येतो, म्हणजे आता तोच राग आणखी चार मिनिटं तसाच धरून ठेवायचा. आमचा तेवढ्यात मनातल्या मनात हळदीचे भाव आठवतो म्हणे. राग टिकतो.

म्हणून मग टॉर्च. आमचे ऑर्गनवाले तात्या पिटात, म्हणजे स्टेजपुढच्या खळग्यात बसतात, त्यांना विंगेतनं मी दिसते. वेळ कमी पडायला लागला की मी टॉर्च एकदा मारते, म्हणजे पुढचं पद खायचं, दोनदा मारला की होऊ दे. तात्यांनी एक सूर लांबवला की नटाला कळतं पद नाही, सरळ वाक्यावर जायचं. तबलजी रुसतो, कारण बहुतेक वेळा खाल्लं जाणारं पद त्याच्या आवडत्या ठेक्यातलं असतं.

आता ऑर्गनचं सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमचा ऑर्गन पायपेटीचा, अमेरिकन बनावटीचा, झाकणाच्या आतलं कंपनीचं नाव आता वाचता येत नाही. दोन्ही पायांनी पॅडल मारायचं, दोन्ही हात वाजवायला मोकळे, आणि सूर असा भरून राहतो की गाणाऱ्याला त्यावर रेलता येतं. साध्या पेटीला एक हात भात्यावर लागतो, तिथंच फरक. तात्या त्याला 'म्हातारा' म्हणतात. ऑगस्ट २०१९ च्या पुरात हा म्हातारा आठवडाभर पाण्याखाली होता.

सांगलीकरांना वेगळं सांगायला नको. कृष्णेची धोक्याची पातळी आयर्विन पुलापाशी पंचेचाळीस फूट, त्या वेळी पाणी ५७ च्या वर गेलं. आमच्या गावभागातल्या वाड्याचं नुसतं छप्पर दिसत होतं असं कुणीतरी बोटीतनं बघून येऊन सांगितलं. पाणी उतरल्यावर दार उघडायला चौघं लागली, कारण आतनं गाळ लागला होता दाराला. तो वास अजून नाकात आहे. ट्रंका उघडल्या तर शालूंचे रंग एकमेकांत गेलेले, जर काळी पडलेली, कृष्णाचा पितांबर आणि रुक्मिणीचा हिरवा शालू मिळून एकच मळकट गोळा झालेला. रंगवलेले पडदे होते आमच्याकडे तीन, जंगल, बाग आणि राजवाडा, फार जुने, आता असे रंगवणारे कुठं आहेत. गुंडाळलेले होते. उलगडले तर जंगलाचा हिरवा रंग उतरून राजवाड्याच्या खांबांवर आलेला, पायऱ्यांवरनं खाली ओघळलेला. तात्या तिथंच पायरीवर बसले आणि म्हणाले, 'चला, वनवास आणि द्वारका एकाच पडद्यात.' मग कुणीच बराच वेळ बोललं नाही.

वही वाचली कारण ती माझ्या घरी होती, विश्रामबागला.

ऑर्गन पाठीवर पडला होता, कासवासारखा. लाकडाचे पापुद्रे सुटलेले, भात्याचं कापड कुजलेलं, पट्ट्या फुगून एकमेकींना चिकटलेल्या. भंगारवाला आठशे रुपये देत होता. तात्यांनी छोटा हत्ती बोलावला आणि म्हाताऱ्याला मिरजेला नेलं. मिरज म्हणजे सतार-तंबोऱ्यांचं गाव, पण तिथल्या एका गल्लीत एक चाचा आहेत ते अजून ऑर्गनला हात लावतात. त्यांनी आतल्या रीड्स, म्हणजे सूर देणाऱ्या पितळी जिभा, काढून गाळ धुतला, एकेक उजेडात धरून बघितली आणि म्हणाले, 'पितळ मेलं नाहीये. लाकडाचं बघू.' लाकूड सुकवायला महिने लागले, घाई केली असती तर तडकलं असतं, मग लॉकडाऊन लागला आणि म्हातारा मिरजेत अडकून पडला, सांगली-मिरज अंतर ते काय, पण तात्यांना वर्षभर जाता येईना. रोज फोन करायचे. फोनवर काय बोलायचे कोण जाणे, चाचा एकदा मला म्हणाले, ते तब्येत विचारतात, माझी नाही, त्याची.

तो परत आला तेव्हा बसून ऐकला आम्ही. सुरात होता, कारण चाचांनी रीड्स परत लावून घेतल्या होत्या, जीभ टोकाकडं घासली की सूर चढतो, मुळाकडं घासली की उतरतो, हे मला त्यांनी करून दाखवलंय, कानस इतकी हळू फिरते की घासलं असं वाटतही नाही. पण एक सांगून ठेवलं त्यांनी. पावसात याला बाहेर काढू नका. लाकूड एकदा पाणी प्यायलंय, ते हवा दमट झाली की परत फुगणार.

आणि आम्ही श्रावणात सौभद्र लावलं.

गाव सांगत नाही. हॉल बरा आहे, पण छताला दोन ठिकाणी बादल्या लावलेल्या. बुकिंगच्या वेळी तिथल्या माणसानं सेन्सॉर सर्टिफिकेटची झेरॉक्स मागितली, आमची पुरात गेली, नवीन काढलेली लॅमिनेट करून मी पर्समध्ये ठेवते, ती दाखवली, तर त्यानं विचारलं लेखक कधी येणार आहेत. टेम्पोवर ताडपत्री होती, ताडपत्रीला भोक होतं, आणि भोकाच्या बरोबर खाली ऑर्गन होता. तात्यांनी स्वतःचा रेनकोट काढून त्याला घातला. स्वतः भिजले. चारला पोचलो, साडेसहाचा प्रयोग. नटेश्वराची पूजा झाली, नारळ वाढवला, धूप फिरवला, बाहेर धो धो, आत एकशे चाळीस-दीडशे माणसं, त्या पावसाच्या मानानं चिक्कार.

तिसरी घंटा, नांदी, सूत्रधार, नटी. नटीचा सूर काळी चार, म्हणजे पेटीवरची चौथी काळी पट्टी. तिच्या पदभर तात्यांचं बोट त्या काळी चारवर होतं, षड्ज, म्हणजे तिचा सा, धरून. पद संपलं, तात्यांनी बोट उचललं, पट्टी वर आली नाही.

मला त्या वेळी कळलंच नाही. पाय थांबले की ऑर्गन गप्प होतो, त्यामुळे संवाद चालू असताना सगळं नॉर्मल. मग नारद आले, चिपळ्या, पद सुरू. नारदांचा सूर काळी एक. आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, काळी एक षड्ज धरला तर काळी चार हा त्याचा पंचम होतो, म्हणजे तंबोऱ्यात जसा सा आणि प सतत वाजत असतो तसंच. त्यामुळे नारदांच्या मागे पंचम अखंड घुमतोय आणि पुढच्या रांगेतले एक काका शेजारच्याला म्हणतायत, काय सूर भरलाय बघा. मी पण विंगेत मान हलवली. तेवढ्यात पिटाकडं लक्ष गेलं तर तात्या एका हातानं वाजवतायत आणि दुसऱ्या हाताच्या नखानं पट्टी उचकटायला बघतायत, आणि चेहरा असा की घरात चोर शिरलाय.

पद संपलं, टाळी. पाय थांबले. तात्यांनी माझ्याकडं बघून चार बोटं दाखवली. मी म्हटलं चार काय, चौथं पद खायचं? त्यांनी मान हलवली, नाही, आणि केसांकडं बोट दाखवलं. त्यांचे केस पांढरेशुभ्र. मला काही कळेना. मग चिडून त्यांनी तबलजीचे केस धरले आणि परत चार बोटं दाखवली. काळी. चार.

आणि पुढचं पद अर्जुनाचं. अर्जुनाचा सूर पांढरी एक. पांढरी एकला काळी चार म्हणजे कोमल धैवत. तो न जुळणारा सूर सगळ्या पदभर कानाशी वाजत राहणार, भैरव राग असता तर निदान बहाणा तरी करता आला असता. ऑर्गन बंद ठेवून नुसत्या तबल्यावर गायचं तर आमचा अर्जुन फोनवरच्या तंबोऱ्याशिवाय घरात रियाझ करत नाही, त्याला उघड्यावर सोडणं म्हणजे कल्याण. पद खायचं तर ते पहिल्याच प्रवेशातलं, त्यातच सुभद्रेबद्दल त्याला काय वाटतं ते सगळं आहे, ते नाही म्हटलं तर पुढं हा संन्यास कशाला घेतोय.

हे लिहायला इतका वेळ लागतोय, तिथं दोन वाक्यांचं अंतर होतं. काय सुचलं कसं सुचलं माहीत नाही, बहुतेक जुन्या रियाझाचं बोटात राहिलेलं असतं काहीतरी. हा जर अर्धा सूर वर चढला, काळी एकमधनं गायला, तर नारदांसारखंच त्यालाही हे काळी चारचं भूत पंचम म्हणून पुरेल. सुभद्रेचा तर सूरच काळी चार, तिला ते षड्ज म्हणून मिळेल. म्हणजे फक्त एकट्या अर्जुनाला चढवायचा.

मी तात्यांना एक बोट दाखवलं आणि माझे केस धरले. त्यांना क्षणात कळलं, पण त्यांनी अर्जुनाकडं हात केला, म्हणजे त्याला कोण सांगणार?

बावीस वर्षांत मी शब्द दिलेत, ओळी दिल्यात, एकदा विसरलेलं कमंडलू दिलंय. सूर कधी दिला नव्हता. अर्जुन माझ्या विंगेच्या बाजूला वळल्यावर मी म्हटलं, 'काळी एक!'

तो गोंधळला. साहजिक आहे, सौभद्रात असं वाक्य नाही. त्याला वाटलं तो काहीतरी विसरला, त्यानं उपरणं सावरलं. मी परत, जरा जोरात, 'काळी एक! काळी एकमधे गा!' तर हा पठ्ठ्या नारदांकडं वळून म्हणतो, 'मुनिवर्य, काय म्हणालात?' आणि नारद, ज्यांना स्वतःची वाक्यं आठवत नाहीत हल्ली, त्यांनी सगळं ऐकलेलं होतं. त्यांनी डोळे मिटले, हात वर केला आणि 'नारायण' म्हणाले. लांब, गात. काळी एकच्या षड्जावर. आणि तो षड्ज धरूनच ठेवला, अर्जुनाच्या डोळ्यांत ट्यूब पेटेपर्यंत.

तबलजीनं तोवर पांढरी एकचा तबला बाजूला सारून बायकांचा काळी चारचा पुढं ओढला होता. त्याला कुणी सांगितलं नाही. तात्यांनी पाय मारले, अर्जुनानं सूर लावला.

अर्धा सूर म्हणजे फार नाही असं न गाणाऱ्यांना वाटतं. पण त्या पदात वरची एक जागा आहे, पांढरी एकमध्येच त्याची मान ताठ होते तिथं. मी वही बंद केली, वहीत त्यावर काहीच उपाय नव्हता. तो गेला त्या जागेवर, आवाज जरासा चिरला, अगदी केसाएवढा, आणि लागला. लोकांना वाटलं विरहानं गळा दाटलाय. वन्स मोअर आला. मी टॉर्च एकदा मारला, पुढं चला, मारला म्हणजे हात दुखेपर्यंत धरूनच ठेवला, पण अर्जुन तिकडं बघेल तर ना, त्यानं परत सुरू केलं. तात्यांनी माझ्याकडं बघून खांदे उडवले.

मध्यंतरापर्यंत सगळं नाटक काळी एक नाहीतर काळी चारवर. बलरामानं मध्येच मला विचारलं, आज सगळं भरल्यासारखं का वाटतंय ओ ताई? मी म्हटलं, पाऊस आहे.

मध्यंतरात पडदा पडल्याबरोबर ऑर्गनचं झाकण काढलं. पट्टीखाली एक लाकडी काडी असते पेन्सिलीएवढी, ती भोकातनं वर-खाली होते, ती फुगून भोकात घट्ट बसलेली. चाचांना फोन लावला. ते म्हणाले तेल बिल अजिबात घालू नका, सुकी पावडर द्या. सुकी पावडर म्हणजे? तोंडाला लावता ती, म्हणाले. मग ग्रीन रूममधनं जी पहिली हाताला लागली ती घेतली, काडी काढून पुसली, पावडरीत घोळवली, बसवली, वर-खाली व्हायला लागली. ती रुक्मिणीचा साडेआठशे रुपयांचा कॉम्पॅक्ट होता हे नंतर कळलं. उरलेला प्रयोग रुक्मिणी कृष्णावर जे रुसली ते अभिनय नव्हता.

प्रयोग नऊ चाळीसला संपला. परत येताना टेम्पोत मी ट्रंकेवर बसले होते, नारद शेजारी पेंगत होते, मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं ओ मी काय म्हणाले ते? ते म्हणाले, 'तू कुठं काय म्हणालीस, तू सूर लावून म्हणालीस.' मला तसं काही केल्याचं आठवत नाही. झोपेत बोलत असतील.

घरी आल्यावर वहीत अर्जुनाच्या पदासमोर पेन्सिलीनं लिहिलं, 'काळी एक. पाऊस.' तारीख घालायची राहिली.

आता नवीनच सुरू झालंय. अर्जुन म्हणतो काळी एकच ठेवा, मला वर मोकळं वाटतं. तात्या म्हणतात एकदा लागला म्हणून रोज लागेल का, आणि मे महिन्यात घसा धरला तर माझ्याकडं येऊ नको. तबलजीचं म्हणणं, चढवा नाहीतर उतरवा, पण पुरुषांसाठी काळी एकचा वेगळा तबला संस्थेनं घेऊन द्यावा, बायकांचा तबला तो रोज देणार नाही. रुक्मिणीला साडेआठशे पाहिजेत. खजिनदार म्हणतात पावसात गल्ला किती झाला होता ते आधी बघा. गुरुवारी मीटिंग आहे, चहा माझ्याकडे.